अतिव्याप्तीचा दोष

न्यायशास्त्रात लक्षणाचे तीन दोष सांगितले आहेत: अव्याप्ती, अतिव्याप्ती आणि असंभव. गाईचे लक्षण ‘जिला शिंगे असतात ती’ असे केले, तर ते म्हशीलाही लागू पडते, ही अतिव्याप्ती. बॅटरीविषयी आपल्याकडे सर्रास ऐकवल्या जाणाऱ्या एका नियमात मला नेमका हाच दोष दिसतो. तो नियम असा: नवी बॅटरी पहिल्यांदा आठ तास चार्जिंगला लावा, पुढे ती पूर्ण उतरल्याशिवाय लावू नका, आणि लावली की शंभर टक्के झाल्याशिवाय काढू नका. मोबाइल, टॉर्च, पॉवर बँक, इतकेच काय, परदेशात मिळणारी वेपची (ई-सिगारेटची) उपकरणे, सगळ्यांना हा एकच नियम लावला जातो.

पूर्वपक्ष आधी प्रामाणिकपणे मांडला पाहिजे, कारण हा नियम कुणी हवेतून काढलेला नाही. निकेल-कॅडमियमच्या बॅटऱ्या दाढीच्या यंत्रांत आणि बिनतारी फोनमध्ये घरोघरी आल्या, तेव्हा तो खराच उपयोगी होता. अशी बॅटरी दर वेळी ठरावीक पातळीपर्यंतच उतरवून पुन्हा भरत राहिले, तर तिच्या आतले स्फटिक मोठे होत जातात आणि त्या पातळीपाशी आल्यावर तिचा विद्युतदाब (व्होल्टेज) अकाली खाली येतो. याला ‘मेमरी इफेक्ट’ म्हणतात. उपाय एकच: अधूनमधून ती पुरती उतरवणे. ज्यांनी तेव्हा हे शिकवले, ते बरोबर होते.

१९९१मध्ये सोनीने लिथियम-आयन बॅटरी बाजारात आणली आणि गाईच्या जागी म्हैस आली. नियम मात्र तोच राहिला.

लिथियमच्या सेलमध्ये एका बाजूला ग्रॅफाइटचे थर असतात आणि दुसऱ्या बाजूला, मूळ घडणीत, कोबाल्ट ऑक्साइडचे. ही दुसरी बाजू जॉन गुडइनफ यांनी १९८०मध्ये ऑक्सफर्डला दाखवून दिली. २०१९चे रसायनशास्त्राचे नोबेल त्यांना, व्हिटिंगहॅम यांना आणि अकिरा योशिनो यांना विभागून मिळाले. चार्ज होताना लिथियम कोबाल्टच्या थरांतून निघून ग्रॅफाइटच्या थरांत जाऊन बसतो आणि वापरताना परत येतो. सेल ४.२ व्होल्टला पोचतो, तेव्हा कोबाल्टच्या थरांतला जवळजवळ निम्मा लिथियम बाहेर पडलेला असतो. त्याहून जास्त काढला, तर थरांची रचना खिळखिळी होऊ लागते. शिवाय इतक्या वरच्या दाबाला आतला द्रव हळूहळू विघटित होत राहतो. म्हणजे ‘शंभर टक्के’ ही सेलच्या दृष्टीने ताणाची अवस्था आहे. तिथे पोचणे हा गुन्हा नाही. तिथे तासन्‌तास, तेही गरम असताना, बसून राहणे वाईट.

खालचे टोक तर अधिक घातक. ग्रॅफाइट तांब्याच्या पातळ पत्र्यावर लेपलेले असते. सेल फार खोल उतरला, तर ते तांबे द्रवात विरघळू लागते आणि पुढच्या चार्जिंगला नको तिथे जाऊन बसते. त्यातून आतल्या आत शॉर्ट सर्किट होऊ शकते. फोन शून्य टक्के दाखवून बंद पडतो, तेव्हा त्याच्या सर्किटने सेलला आधीच वाचवलेले असते. पण असा उतरलेला फोन किंवा टॉर्च कपाटात सहा महिने पडून राहिली, तर सेल आपोआप आणखी खाली जातो. असा मेलेला सेल ‘झटका देऊन’ जिवंत करण्याचे उद्योग मी पाहिले आहेत. ते करू नयेत, हे मला अगदी कळकळीने सांगायचे आहे.

यावर विद्वान प्रतिपक्षी म्हणेल की २०१३मध्ये लिथियम आयर्न फॉस्फेटच्या बॅटरीतही मेमरी इफेक्ट सापडला आहे. सापडला आहे, खरे. पण तो दाबातला अगदी किंचित फरक आहे. त्याने किती चार्ज उरला याचा अंदाज चुकू शकतो, सेलचे आयुष्य घटते असे नव्हे. याच रसायनाच्या गाड्यांना कंपन्या मधूनमधून पूर्ण चार्ज करायला सांगतात, त्याचे कारणही बहुतांशी मोजमापाचेच: या सेलचा दाब मधल्या पट्ट्यात जवळजवळ सपाट राहतो, त्यामुळे पूर्ण भरल्याशिवाय यंत्राला नेमका हिशेब लागत नाही. पूर्ण भरण्याला इथे कारण आहे. पूर्ण उतरवण्याला इथेही नाही.

फोन बनवणारेच आता ८० टक्क्यांवर थांबण्याची सोय देतात. २०२३च्या आयफोन १५मध्ये ती आली. ज्याने फोन बनवला, तोच बॅटरी पूर्ण भरू नका म्हणत असेल, तर जुन्या नियमाच्या बाजूने उरते काय?

रात्रभर चार्जरला लावलेला फोन ‘ओव्हरचार्ज’ होऊन फुटतो, ही उलट बाजूची भीतीही मला मान्य नाही. फोनमधले चार्जिंगचे सर्किट सेल भरला की प्रवाह तोडते. खरा शत्रू उष्णता आहे. उशीखाली चार्ज होणारा फोन आणि चंद्रपूरच्या मे महिन्यात, ४५ अंशांच्या उन्हात, बंद गाडीत राहिलेली भरलेली पॉवर बँक, या दोन्ही ठिकाणी वरचा दाब आणि उष्णता एकत्र येतात. सेल महिनोन्‌महिने ठेवायचा असेल, तर निम्म्याच्या आसपास भरून थंड जागी ठेवावा.

वेपचा उल्लेख मुद्दाम केला. भारतात ई-सिगारेटवर २०१९पासून बंदी आहे, आणि ती योग्य आहे असे मला वाटते. पण ब्रिटनमध्ये १ जून २०२५पासून एकदाच वापरून फेकायच्या वेपची विक्री बंद झाली, त्यामुळे तिथे आता ज्यांच्या हाती हे उपकरण आहे, त्यांना त्यातला सेलही सांभाळावा लागतो. मोठ्या उपकरणांत बहुधा १८६५० हा सुटा सेल असतो: १८ मिलिमीटर जाड, ६५ मिलिमीटर लांब, आपल्या टॉर्चमध्ये असतो तोच. त्याचे पूर्ण धातूचे डबडे हेच ऋण टोक असते आणि धन टोकापासून ते केवळ एका कडेने वेगळे राहते. वरचे प्लास्टिकचे वेष्टन त्या कडेशी फाटले, किंवा सेल खिशात किल्ल्या आणि नाण्यांबरोबर पडला, की शॉर्ट सर्किट होऊ शकते आणि चार्जिंगची सगळी शिस्त व्यर्थ. फाटलेल्या वेष्टनाचा सेल वापरू नये. सुटा सेल प्लास्टिकच्या डबीतच न्यावा.

आणि शिशाच्या बॅटरीचे काय? लोडशेडिंगच्या वर्षांत माझे वडील इन्व्हर्टरच्या बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर घालताना ती कधी उतरलेली राहू देत नसत. उतरलेल्या अवस्थेत शिशाच्या पट्ट्यांवर सल्फेटचे कठीण स्फटिक धरतात, म्हणून ती सदैव भरलेलीच हवी. निकेलला उतरवायचे, शिशाला भरून ठेवायचे, लिथियमला मध्ये ठेवायचे. दुकानदाराने बॅटरीचा नियम सांगितला, की मी आधी विचारतो: आत काय आहे?