‘लीव्ह’ म्हणजे फक्त सोडणे नव्हे

शाळेचा दाखला, भाड्याच्या घराचा करार, ऑफिसातला रजेचा अर्ज. तिन्ही कागदांवर इंग्रजीतला एकच शब्द भेटतो : लीव्ह. आपण त्याचा अर्थ ‘सोडणे’ एवढाच पाठ करतो आणि मग घोटाळा होतो. म्हणून या शब्दाचे नेहमी लागणारे अर्थ इथे देत आहोत.

रूपे : लीव्ह, लेफ्ट, लेफ्ट. ‘लीव्हड’ असे रूप नाही. उच्चारात ‘ली’ दीर्घ. ऱ्हस्व ‘लिव्ह’ म्हणजे राहणे, जगणे. म्हणून दाखल्याला ‘लीव्हिंग सर्टिफिकेट’ म्हणायचे.

१. निघणे : ‘शी लेफ्ट दुबई’ म्हणजे तिने दुबई सोडली. ‘शी लेफ्ट फॉर दुबई’ म्हणजे ती दुबईला जायला निघाली. एका ‘फॉर’ने दिशाच उलटते. घरातले माणूस आखातात असेल तर मेसेज नीट वाचा.

२. विसरणे, मागे ठेवणे : ‘आय लेफ्ट माय पासपोर्ट ॲट होम’ म्हणजे पासपोर्ट घरी राहिला. इथे ‘फरगॉट’ऐवजी ‘लेफ्ट’ हवे, कारण जागा सांगितली आहे.

३. उरणे : ‘टू रोटीज आर लेफ्ट’, दोन रोट्या उरल्यात.

४. राहू देणे : ‘लीव्ह इट’, असू दे. ‘लीव्ह द डोअर ओपन’, दार उघडेच ठेव.

५. मृत्यूनंतर : ‘ही लेफ्ट अ वाइफ अँड टू सन्स’ म्हणजे त्यांच्या मागे पत्नी व दोन मुलगे आहेत. ‘ही लेफ्ट हिज वाइफ’ म्हणजे मात्र त्याने बायकोला सोडले. ‘ही लेफ्ट द हाउस टू हिज सिस्टर’ म्हणजे मृत्युपत्राने घर बहिणीला दिले. शोकसंदेश लिहिताना हा फरक फार जपावा.

६. नाम म्हणून, रजा : ‘आय ॲम ऑन लीव्ह’ म्हणजे मी रजेवर आहे. ‘आय ॲम लीव्हिंग फ्रॉम मंडे’ असे साहेबांना लिहिले, तर सोमवारपासून नोकरी सोडतोय असा अर्थ निघू शकतो. रजाच हवी असेल तर ‘आय नीड लीव्ह फ्रॉम मंडे’ लिहा.

आता महत्त्वाचा मुद्दा. रजेचा ‘लीव्ह’ आणि सोडण्याचा ‘लीव्ह’ हे मुळात दोन वेगळे शब्द आहेत. पहिल्याचा मूळ अर्थ ‘परवानगी’. आपल्याकडेही तसेच झाले. अरबी ‘रिज़ा’ म्हणजे संमती, राजीखुशी. त्यातूनच मराठी ‘रजा’ आली. उर्दूतल्या ‘रुख्सत’चाही मूळ अर्थ परवानगीच, पुढे तो निरोपाला आणि सुट्टीला लागला.

म्हणूनच ‘लीव्ह अँड लायसन्स’ करारातला ‘लीव्ह’ म्हणजे घर सोडणे नव्हे, तर घर वापरण्याची मालकाने दिलेली परवानगी. घरावर हक्क त्याने मिळत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे हा करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची असते. सुप्रीम कोर्टातल्या ‘स्पेशल लीव्ह पिटिशन’मध्येही लीव्ह म्हणजे अनुमतीच.

थोडक्यात, ‘लीव्ह’ दिसला की आधी पुढचा शब्द पाहा : फॉर आहे, टू आहे की थेट माणसाचे नाव. आणि कायद्याच्या कागदावर असेल, तर ‘परवानगी’ हा अर्थ लावून बघा. सही त्यानंतरच करा.