नांदेड-लातूरचे जुने दप्तर कोण वाचणार?

१/ जुनी संगणकप्रणाली कालबाह्य झाली की माहिती शाबूत असूनही ती उलगडणारा जाणकार शोधावा लागतो. नांदेड-लातूरने हाच पेच कागदावर अनुभवला.

२/ १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता. सरकारी दप्तर आधी फारसी, नंतर उर्दू, कालगणना फसली. फसली सनात ५९० मिळवले की इसवी सन येतो : १३५० म्हणजे सुमारे १९४०.

३/ २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीने मराठवाड्यात निजामकाळातील कुणबी नोंदींचा शोध घेतला, तेव्हा उर्दू, फारसी आणि मोडीच्या जाणकारांना पाचारण करावे लागले.

४/ पानांची प्रतिमा यंत्राने टिपली; अर्थ माणसानेच लावला. त्या एका ओळीवर कुटुंबाचे जातप्रमाणपत्र अवलंबून होते. दप्तराइतकाच त्याचा वाचकही जपावा लागतो.