एक बियाणं, तीन प्रश्न

माझ्या कामात नवं फीचर लगेच वापरणाऱ्याला 'अर्ली अडॉप्टर' म्हणतात आणि सगळ्यात शेवटी वापरणाऱ्याला 'लॅगार्ड', म्हणजे मागे राहिलेला. हे शब्द मोबाईलच्या दुनियेतले वाटतात. प्रत्यक्षात ते शेतातून आलेत, संकरित बियाण्याच्या अभ्यासातून.

अमेरिकेतल्या आयोवा राज्यात शेतकरी संकरित मका कसा स्वीकारत गेले, हे ब्राइस रायन आणि नील ग्रॉस या समाजशास्त्रज्ञांनी १९४३ मध्ये मांडलं. बियाण्याची बातमी अनेकांना विक्रेत्याकडून कळली होती, पण विश्वास बसला तो शेजाऱ्यामुळे. १९५७ मध्ये अर्थशास्त्रज्ञ झ्वी ग्रिलिचेस यांनी त्याच मक्याला वेगळा प्रश्न विचारला: फायदा किती? जिथे फायदा जास्त, तिथे प्रसार वेगाने, असं त्यांना दिसलं. पुढे १९६२ मध्ये एव्हरेट रॉजर्स यांच्या पुस्तकाने 'लॅगार्ड'सारखे शब्द जगभर नेले. गंमत म्हणजे रॉजर्स आयोवाच्याच शेतकऱ्याचे पोर, आणि त्यांच्या वडिलांनी संकरित मका बरीच वर्षं टाळला होता. १९३६ च्या दुष्काळात शेजाऱ्याचा मका उभा राहिला, तेव्हा कुठे ते वळले.

आपल्या जालन्यात ही गोष्ट परकी नाही. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये इथेच 'महिको' सुरू केली. १९९८ मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. संकरित बियाणं घरी राखून पुन्हा पेरलं की पहिल्यासारखं पीक देत नाही, म्हणून दरवर्षी दुकान गाठावं लागतं. २००२ मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली आणि दुकानातल्या पाकिटांची नावं वाढतच गेली.

इथे तिसरा प्रश्न येतो, मानववंशशास्त्राचा: शेतकऱ्याला शिकायला वेळ मिळतो का? ग्लेन स्टोन यांनी तेलंगणातल्या वारंगळ भागात कापूस उत्पादकांचा अनेक हंगाम अभ्यास केला. २००७ मध्ये त्यांनी लिहिलं, की वाण इतके झपाट्याने बदलतात की स्वतः पारखून घेणं अवघड होतं. मग लोक एकमेकांचं बघून पाकीट उचलतात, आणि पिढ्यांचं कसब झिजतं.

शेजाऱ्याचं बघून पेरणं आयोवात शहाणपण ठरलं, वारंगळात हतबलता. माणसं तशीच होती, बियाण्याचा बाजार वेगळा होता. म्हणूनच पीक बुडालं की 'शेतकरी अडाणी' म्हणून मोकळं होणं मला पटत नाही. खुद्द रॉजर्स यांनीही पुढच्या आवृत्त्यांत बजावलं, की दोष व्यवस्थेचा असताना तो माणसाच्या माथी मारू नका.

आमच्या डॅशबोर्डवर कोणी काय घेतलं नाही, हे दिसतं. का घेतलं नाही, हे विचारायला गावात जावं लागतं.