पडका किल्ला आणि मारियाची आठवण

आज आम्ही तुम्हाला एका चित्राची हकीकत सांगणार आहोत. चित्र इंग्लंडमधलं आहे, जवळजवळ दोनशे वर्षांपूर्वीचं. त्यात समुद्राजवळच्या टेकडीवरचा एक पडका किल्ला दिसतो. पण त्या किल्ल्याआड एक मोडलेला संसार आहे, म्हणून ही गोष्ट आम्ही निवडली.

किल्ल्याचं नाव हॅडली. थेम्स नदी जिथे समुद्राला मिळते, तिथे तो तेराव्या शतकात बांधला गेला. १५५१ मध्ये तो एका सरदाराला विकला गेला आणि दगडांसाठी पाडला जाऊ लागला. टेकडी चिकणमातीची. ती घसरत गेली तसे तटही ढासळले. शेवटी उभे राहिले ते तडे गेलेले बुरूज.

१८१४ साली जॉन कॉन्स्टेबल नावाचा चित्रकार तिथे गेला. तेव्हा तो ३८ वर्षांचा होता. मारिया बिकनेल नावाच्या मुलीवर त्याचं मन जडलं होतं. पण चित्रकाराला कमाई ती किती, म्हणून मुलीकडच्यांचा, विशेषतः तिच्या आजोबांचा, लग्नाला विरोध होता. दोघांचा आधार म्हणजे पत्रं. त्यानं खिशातल्या छोट्या वहीत पेन्सिलीनं तो किल्ला काढून घेतला आणि पत्रातून मारियाला त्या जागेचं वर्णन कळवलं.

१८१६ मध्ये त्यांचं लग्न झालं. पुढे सात मुलं झाली. मारियाला क्षयरोग जडला. त्या काळी क्षयावर औषध नव्हतं. समुद्राची हवा मानवेल म्हणून १८२४ पासून तो तिला ब्रायटन गावी नेऊ लागला. तिथे तो किनाऱ्यावर जायचा. रंगाची पेटी मांडीवर घ्यायची, तिच्या झाकणात कागद ठेवायचा आणि समोरचा समुद्र, ढग, पाऊस तैलरंगात उतरवायचा.

तैलरंग म्हणजे काय, तर रंगाची बारीक पूड तेलात घोटलेली. आणि ते तेल बहुतेक वेळा जवसाचं! आपल्याकडे चटणीला असते ना अळशी, तीच. शेंगदाण्याचं तेल कितीही दिवस ठेवा, चिकटच राहतं. जवसाच्या तेलाचा पातळ थर हवा लागली की हळूहळू सुकून कडक होतो. म्हणून आपल्याकडेही लाकडाला हे तेल चोळतात. त्या काळी रंगाच्या नळ्या निघाल्या नव्हत्या. घोटलेला रंग डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवीत भरून ठेवत. धातूची नळी आली १८४१ मध्ये.

२३ नोव्हेंबर १८२८ रोजी मारिया गेली. वय अवघं ४०. धाकटं मूल वर्षाचंही नव्हतं. जगाचं रूपच आपल्यासाठी पालटून गेलं, अशा अर्थाचं त्यानं भावाला लिहिलं. पुढच्याच फेब्रुवारीत लंडनच्या रॉयल अकॅडमीनं त्याला पूर्ण सदस्य करून घेतलं. ज्या मानाची कितीतरी वर्षं वाट पाहिली तो मिळाला, पण आनंद सांगायला घरात मारिया नव्हती.

त्याच दिवसांत त्यानं चौदा वर्षांपूर्वीचं ते पेन्सिलीचं चित्र हाती घेतलं. आधी मोठ्या कापडावर, साधारण चार फूट उंच आणि साडेपाच फूट रुंद, कच्चं चित्र रंगवलं. मग तेवढंच पक्कं चित्र. रंगाचा थर जाड, खरबरीत, ठिकठिकाणी सुरीनं थापलेला. बुरूज चिरलेला, आभाळ ढगांनी भरलेलं, पक्षी वाऱ्यावर. खाली एक धनगर आणि त्याचा कुत्रा. दूर पाण्यावर मात्र ढगांतून उजेड पडलेला. मारिया चित्रात कुठेच नाही. पण ज्या जागेबद्दल तिला पत्र लिहिलं, तीच जागा त्यानं निवडली.

१८२९ मध्ये ते चित्र अकॅडमीच्या प्रदर्शनात लागलं. आज पक्कं चित्र अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संग्रहालयात आहे आणि कच्चं लंडनच्या टेट संग्रहालयात.

मैत्रिणींनो, कॉन्स्टेबल पुरुष होता. बायको गेल्यावर काही महिन्यांत त्यानं ब्रश उचलला, तर कोणी बोट दाखवलं नाही. आपल्या गटातल्या एखादीचा नवरा जातो, तेव्हा काय होतं? वर्ष होईपर्यंत मीटिंगला जाऊ नको, शिलाई मशीनला हात लावू नको, लोक काय म्हणतील, असं तिलाच ऐकवलं जातं. वर हप्ता मात्र थांबत नाही. ज्या हातांना काम असतं, त्यांना दुःखाचं ओझं थोडं तरी पेलता येतं. म्हणून अशा मैत्रिणीच्या घरी दोघी-तिघींनी जा. तिची जागा गटात राखलेली आहे हे सांगा, आणि ती तयार असेल तेव्हा तिला सोबत घेऊन या. तिचं काम तिच्या हातून कोणी काढून घेऊ नये, एवढं आपण नक्की पाहू शकतो.