यवतमाळचा कापूस आणि संशोधनाचा परवाना

यवतमाळ जिल्ह्यातील कोरडवाहू कापसाचा अलीकडचा इतिहास म्हणजे प्रयोगशाळेतील संशोधन कोणत्या मार्गाने आणि कोणाच्या मालकीने शेतात पोहोचले याचाही इतिहास आहे. जालन्यात 1964 मध्ये स्थापन झालेल्या महिको या बियाणे कंपनीने अमेरिकेच्या मोन्सॅन्टो कंपनीशी भागीदारी केली आणि 2002 मध्ये बीटी कापसाला, म्हणजे मातीतील जिवाणूचे जनुक घालून बोंडअळीला रोखणाऱ्या कापसाला, देशात मान्यता मिळाल्यावर या भागीदारीने इतर बियाणे कंपन्यांना परवाना, अर्थात शुल्क घेऊन तंत्र वापरण्याची परवानगी, दिली. ते शुल्क अखेर बियाण्याच्या किमतीत येऊन शेतकऱ्यावर पडले.

याला पर्याय म्हणून नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेने धारवाडच्या कृषी विद्यापीठासह ‘बिकानेरी नरमा’ या कापसाचे बीटी वाण विकसित केले. ते सरळ वाण असल्यामुळे, संकरित वाणाप्रमाणे दरवर्षी विकत न घेता, घरचेच बियाणे पुन्हा पेरता येणार होते. मात्र 2009 मध्ये विक्रीस आलेल्या या वाणात मोन्सॅन्टोचाच जनुकघटक आढळल्याने ते मागे घ्यावे लागले.

यवतमाळ ज्याच्या कार्यक्षेत्रात येते, त्या अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठासारख्या संस्थांनी म्हणूनच केवळ वाण घडवून थांबू नये. हक्क, शुद्धता आणि परवडणारी किंमत यांचीही जबाबदारी घ्यावी, कारण सार्वजनिक पैशातून झालेल्या संशोधनावर पहिला अधिकार शेतकऱ्याचाच आहे.