सटवाईचा लेख आणि मेंदूचा फोटो

पाचवीच्या रात्री आपल्याकडे कुठे कुठे कोरा कागद आणि लेखणी ठेवतात. सटवाई येते आणि बाळाच्या कपाळावर नशीब लिहून जाते, असं आपल्या आज्या सांगत आल्या. जन्मल्याबरोबर न रडलेलं बाळ घरात असेल, तर त्या लेखात काय आहे या विचारानं आईचा जीव टांगणीला लागतो. प्राणवायू कमी पडलेल्या बाळाचं पुढं कसं होणार, हे डॉक्टरांना कधी आणि कसं कळू लागलं, ते आज पाहू.

१८६१ साली लंडनमध्ये विल्यम जॉन लिटल या डॉक्टरांनी प्रसूतीच्या डॉक्टरांपुढं एक निबंध वाचला. अडलेलं बाळंतपण, अपुऱ्या दिवसांचा जन्म, जन्मताना कोंडलेला श्वास यांचा संबंध त्यांनी मुलांचे हातपाय ताठ होण्याशी जोडला. पण जिवंत बाळाच्या मेंदूत डोकावायचं कसं? मान कधी धरतं, कधी बसतं, याची वाट बघण्यापलीकडे आईच्या हाती काही नव्हतं.

१८९७ मध्ये सिग्मंड फ्रॉइड यांनी वेगळा मुद्दा मांडला. बाळंतपण अवघड झालं, याचं कारण कधी कधी पोटातच आधी झालेली गडबडही असू शकेल. आज डॉक्टरही सांगतात, अशा अनेक मुलांच्या अडचणीचं मूळ बाळंतपणात नसतं. म्हणून बायांनो, 'हिनं ग्रहण पाळलं नाही', 'हिचा पायगुणच वाईट' असं कुणी म्हणालं, तर ते खोडून काढा.

पुढं १९५२ मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टर व्हर्जिनिया अपगार यांनी बाळाला गुण द्यायची रीत काढली. रंग, नाडी, हालचाल, श्वास, चिमटा काढल्यावर दिलेली दाद, अशा पाच गोष्टींचे मिळून दहा गुण. आत्ता बाळाला मदत हवी का, हे त्यातून कळतं. पुढच्या आयुष्याचं भाकीत मात्र त्यातून होत नाही. १९७६ मध्ये सार्नाट दांपत्यानं अशा बाळांच्या आजाराच्या तीन पायऱ्या सांगितल्या: सौम्य, मध्यम, तीव्र. मधल्या पायरीवरच्या बाळांचं कोडं तरीही सुटेना. काही ठणठणीत व्हायची, काही मागं राहायची.

मग आत बघायची वाट सापडली ती टाळूतून. जिथं आपण तेल भरतो, तिथं हाड अजून जुळलेलं नसतं. १९७० च्या दशकाच्या अखेरीस डॉक्टरांनी त्याच जागी सोनोग्राफीचं यंत्र टेकवून मेंदू पाहिला. मेंदूतला रक्तस्राव त्यात चांगला दिसे, पण प्राणवायूअभावी झालेली बारीक इजा निसटून जाई.

ती दिसू लागली एमआरआयमुळे. हे यंत्र चुंबक आणि रेडिओलहरींवर चालतं, त्यात क्ष-किरण नसतात. पॉल लॉटरबर आणि पीटर मॅन्सफिल्ड यांना त्यासाठी २००३ चं नोबेल मिळालं. पुष्कळदा बाळाला दूध पाजून, गुंडाळून, कान झाकून झोपेतच आत ठेवतात.

१९९८ मध्ये लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयातल्या मेरी रदरफोर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा ७३ बाळांचा अभ्यास छापला. मेंदूकडून हातापायांना निरोप नेणाऱ्या तंतूंचा एक पट्टा असतो. पूर्ण दिवसांच्या निरोगी बाळाच्या फोटोत तिथं बारीक पांढरी रेघ दिसते. ज्यांची रेघ हरवली होती, त्यांच्या वाढीत पुढं अडथळे आले. पण रेघ शाबूत असूनही काही मोजक्या बाळांना त्रास झालाच.

इथंच आपण नीट लक्ष द्यायचं. फोटो शक्यता सांगतो, निकाल देत नाही. तो फार लवकर काढला तर इजा पुरती उमटलेली नसते, म्हणून साधारण पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात काढतात. मूल हसेल का, आईला ओळखेल का, किती शिकेल, हे सगळं एका फोटोत मावत नाही.

रिपोर्ट वाईट आला म्हणून बाळाकडं पाठ फिरवू नका, आणि चांगला आला म्हणून पुढच्या तपासण्या चुकवू नका. डॉक्टरांना विचारा: फोटो कितव्या दिवशी काढला? मेंदूचा कोणता भाग दुखावलाय, आणि त्याचं काम काय? पुन्हा कधी यायचं? घरी येणाऱ्या आशाताईंनाही हे सांगून ठेवा. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जिल्ह्याच्या ठिकाणी अशा मुलांसाठी केंद्रं आहेत. व्यायाम, खेळ, बोलणं जितकं लवकर सुरू होईल तितकं बरं.

एकटीला जिल्ह्याला जाणं जड जातं. मजुरी बुडते, घरचे कुरकुरतात. तेव्हा गटातली एक जण सोबत जाऊ दे, आणि गाडीभाड्यापुरतं कर्ज गटानं आधी मंजूर करावं. कपाळावरचं कुणाला वाचता येत नाही, पण बाळाच्या पुढच्या तपासणीची तारीख आपण सगळ्या मिळून लक्षात ठेवू शकतो.