मोडेमचें सोंग

मांडव्याच्या धक्क्यावरून निरभ्र रात्रीं मुंबईचे दिवे स्पष्ट दिसतात. गेटवेपर्यंतचें अंतर समुद्रावरून सुमारें १५ किलोमीटर. परंतु पावसाळ्यांत लाँचा बंद झाल्या कीं पेणवरून मोठा वळसा घेण्यावांचून गत्यंतर नसे. अशा गांवीं पत्र, परीक्षेचा निकाल वा बँकेचा हिशेब घरबसल्या मिळणें ही लहान सोय नव्हे. विदेश संचार निगमानें १५ ऑगस्ट १९९५ रोजीं मुंबईसारख्या महानगरांत इंटरनेट खुलें केलें; गांवोगांव तार ओढण्याचें काम मात्र सावकाश चाललें. २०१० सालीं तिसऱ्या पिढीच्या लहरींचा लिलाव झाला, आणि बोटाएवढा यूएसबी मोडेम घरोघर दिसूं लागला.

लिनक्स वापरणाऱ्यांची मात्र त्यानें फजिती केली. १९९१ सालीं लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्यानें आरंभिलेली ही प्रणाली फुकट मिळे व जुन्या संगणकावरहि चाले. मोडेम लावला कीं पडद्यावर सीडी उमटे, मोडेमचा पत्ताच नसे. कित्येकांनीं तो बिघडला म्हणून दुकानदारास परत केला असेल! वास्तविक तो धडधाकट होता. वेगळी सीडी द्यावी लागूं नये म्हणून कारखानदारांनीं विंडोजचा ड्रायव्हर मोडेमच्याच पोटांत ठेवला होता; म्हणून तो प्रथम सीडीचें सोंग घेई, आणि विंडोजनें ठराविक संदेश दिल्यावर मूळ रूपांत येई. लिनक्सला तो संदेश कोणींच शिकविला नव्हता.

जिज्ञासूंनीं विंडोज व मोडेम यांमधील संभाषण टिपून घेतलें. पुष्कळ मोडेमांच्या बाबतींत तो गुप्त संदेश म्हणजे ‘सीडी बाहेर काढ’ एवढाच निघाला. जोशुआ डीट्झे यांनीं त्यावरून ‘यूएसबी मोडस्विच’ हा प्रोग्राम रचला, आणि देशोदेशींच्या वापरकर्त्यांनीं आपापल्या मोडेमचे क्रमांक त्यांत भरले. हुआवेचा १२डी१:१४४६ हा क्रमांक ‘एलएसयूएसबी’ या आज्ञेनें दिसला कीं सोंग उतरलें नाहीं असें समजावें. क्रमांक बदलला कीं ‘ऑप्शन’ नांवाचा ड्रायव्हर पुढें येतो. या नांवाचा विकल्पाशीं संबंध नाहीं. तें एका बेल्जियन कंपनीचें नांव आहे.

पुढील संभाषण ‘एटी’ या अक्षरांनीं सुरू होई. ही भाषा हेज कंपनीनें १९८१ सालीं टेलिफोनच्या मोडेमसाठीं काढली होती. तीस वर्षांनींहि तीच चाले. ‘एटी+सीएसक्यू’ विचारतां सिग्नलची शक्ति ० ते ३१ या मापांत कळे; ९९ म्हणजे मोजतां येत नाहीं.

मांडव्यास आणखी एक खोडा होता. मुंबई हें एक टेलिफोन सर्कल, अलिबाग तालुका महाराष्ट्राच्या सर्कलमध्यें. समुद्रावर लहरींना आडवें कांहीं नसतें, आणि जीएसएम मनोऱ्याची मर्यादा ३५ किलोमीटरपर्यंत जाते. तेव्हां मोडेमनें पलीकडील मनोरा धरावा यांत नवल नाहीं. मग सिग्नल उत्तम असूनहि इंटरनेट अडे, किंवा रोमिंगचा भुर्दंड पडे. याची परीक्षा ‘एटी+सीआरईजी’ या प्रश्नानें होई: उत्तरांत १ आला तर मोडेम घरच्या जाळ्यावर, ५ आला तर पाहुणा. प्रत्येक सर्कलच्या जाळ्यास निराळा क्रमांक असे. ‘एटी+सीओपीएस’ या आज्ञेनें महाराष्ट्राचा क्रमांक नेमून दिला, कीं मोडेम किनाऱ्यावरील मनोऱ्याकडे वळे, आणि *९९# लावून जोडणी करतां येई.